हवेचं वजन

आमच्या प्रयोगशाळेत कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, कापरापासून बनतात. क्वार्ट्झच्या लांब नळीत एका टोकाला कापूर आणि त्यात थोडं फेरोसिन मिसळून ठेवायचं आणि नळीतून आर्गॉन वाहता ठेवायचा. पहिली भट्टी कापराची वाफ करते, दुसरी भट्टी ८५० अंशांवर ती वाफ फोडते. फेरोसिनमधून सुटलेल्या लोखंडाच्या कणांवर कार्बन रचला जातो आणि त्याच्या नळ्या वाढत जातात. रात्रभर भट्टी निवू द्यायची आणि सकाळी आतल्या भिंतीवरून मऊ काळी पूड खरवडून घ्यायची. मुंबईच्या आयआयटीत आणि पुढे जपानमधल्या नागोयात कापराच्या या वाटेवर बरंच काम झालेलं आहे. न फुटलेला कापूर नळीच्या थंड टोकाला पांढरा बसलेला असतो, त्यामुळे भट्टी उघडली की खोलीत थोडा वेळ देवघराचा वास राहतो.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला या पुडीचं पृष्ठफळ मोजायचं काम आलं. सर म्हणाले, "पंधरा दिवसांत बीईटी करून टाक, मग आपण अमोनियाकडे वळू." त्या पंधरा दिवसांचे पुढे सात महिने झाले. त्या सात महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

मी सांगली जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. पहिल्या आठवड्यात फोनवर दादांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "काय मोजणार तू नक्की?" मी म्हटलं, "एक ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग पसरला तर किती जागा व्यापेल, ते." ते म्हणाले, "मग गुंठ्यात सांग." मी हिशोब करून सांगितला. ग्राफीनचा, म्हणजे एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याचा, एक ग्रॅम घेतला आणि दोन्ही बाजू धरल्या तर २६३० चौरस मीटर भरतात. त्याच पत्र्याची एकपदरी नळी वळून तोंडं बंद केली तर बाहेरची एकच बाजू उरते, १३१५ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर पुडीत तेरा गुंठे. दादा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आणि मोजणीला साखळी कसली?"

तोच खरा प्रश्न होता. साखळी नायट्रोजनच्या रेणूची असते. पृष्ठभागावर बसलेला एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असं धरतात. सगळा पृष्ठभाग रेणूंच्या एका थराने झाकायला किती नायट्रोजन लागला ते कळलं की गुणाकार करायचा. पण रेणू शहाण्यासारखे एकच थर भरून थांबत नाहीत, पहिला पुरा व्हायच्या आत त्यावर दुसरा, तिसरा चढायला लागतो. या गर्दीतून पहिल्या थराचा हिशोब वेगळा कसा काढायचा ते ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ साली मांडलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून ही रीत बीईटी.

अधिशोषण हा शब्द मी बीएस्सीला परीक्षेपुरता पाठ केला होता. शोषणात वायू पदार्थाच्या आत मुरतो, अधिशोषणात तो पृष्ठभागावर बसून राहतो. कोळसा वायू धरून ठेवतो हे शेलेने १७७३ सालीच पाहिलं होतं, 'ॲडसॉर्प्शन' हा शब्द मात्र १८८१ सालचा, कायझर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा. लॅबमध्ये कोणी अधिशोषण म्हणत नाही, सगळे ॲडसॉर्प्शनच म्हणतात. पण मला मराठी शब्द जास्त नेमका वाटतो. त्यातल्या 'अधि'त 'वर बसणं' आहे.

प्रत्यक्ष काम असं चालतं. लांब मानेच्या, खाली फुगा असलेल्या काचेच्या नळीत पूड भरायची. ती निर्वात करून तापवायची, म्हणजे आधीच बसलेलं पाणी आणि हवा निघून जाते. याला आम्ही डीगॅस म्हणतो. मग नळी यंत्राला लावून खालून द्रव नायट्रोजनने भरलेला ड्युअर, म्हणजे थर्मॉससारखं भांडं, वर चढवायचा. उणे १९६ अंशांवर नमुना थंड झाला की यंत्र मोजून थोडा थोडा नायट्रोजन सोडतं आणि दर वेळी दाब किती उरला ते बघतं. सोडलेला आणि उरलेला यांतला फरक म्हणजे पुडीवर बसलेला. दाब वाढत जातो तसा किती बसला याचा आलेख काढायचा, तोच आयसोथर्म.

द्रव नायट्रोजन मी पहिल्यांदा पाहिला तो गावच्या जनावरांच्या दवाखान्यात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात तिचं झाकण डॉक्टरांनी उघडलं की पांढरा धूर काठावरून खाली उतरायचा. त्यामुळे लॅबमध्ये ड्युअर भरताना इतर नवी मुलं बिचकली तशी मी बिचकले नाही. आमच्या लॅबच्या मामांना याचं फार कौतुक वाटलं. चामड्याचे हातमोजे कसे घालायचे, ओतताना तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं.

पहिला नमुना डीगॅस करतानाच उडाला. पूड इतकी हलकी की निर्वात पंपाचा व्हॉल्व्ह मी जरा झपकन उघडला आणि फुग्यातली काळी पूड धुरासारखी मानेतून वर गेली. यंत्राच्या नळ्या साफ करण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून मानेत काचलोकराचा बोळा आणि व्हॉल्व्ह अगदी हळू.

दुसरा नमुना व्यवस्थित बसला. संध्याकाळी सहाला यंत्र सुरू करून मी खोलीवर गेले. सकाळी आले तर ड्युअर जवळजवळ कोरडा आणि यंत्र अजून चालूच. पडद्यावर आलेख सुरेख चढत गेला होता, पण सापेक्ष दाब, म्हणजे नळीतला दाब भागिले संपृक्त दाब (ज्या दाबाला वायूचा द्रव होऊ लागतो तो), ०.९४७ ला पोचल्यावर तो सरळ भिंतीसारखा उभा राहिला होता. यंत्र रात्रभर नायट्रोजन सोडत राहिलं, दाब तिळभर पुढे सरकला नाही.

सरांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "संपृक्त दाब किती लिहिलास?"

"७६०, सर. एक वातावरण."

"पुणे काय समुद्रकिनाऱ्यावर आहे?"

मला एकदम उमजलं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर कधी नसतोच, ७१० च्या आसपास असतो. ड्युअर उघडा, त्यातला नायट्रोजन याच दाबाखाली उकळतो. हवेतला थोडा ऑक्सिजन त्यात विरघळत राहतो म्हणून तापमान किंचित चढतं आणि संपृक्त दाब ७२० च्या घरात जातो. ७२० भागिले ७६० म्हणजे ०.९४७. त्या भिंतीपाशी माझ्या नळीत नायट्रोजन चक्क पाण्यासारखा साचत होता. यंत्र बिचारं त्याला ७६० पर्यंत न्यायला बघत होतं आणि तो दाब या गावात येणारच नव्हता. पुस्तकातला आकडा पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावचा असतो हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता आमच्याकडे शेजारच्या वेगळ्या नळीत दर वेळी संपृक्त दाब मोजतात.

यानंतरचा आठवडा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

नवा नमुना घेतला. रिकामी नळी बुचासकट तोलली. पूड भरली, ३०० अंशांवर रात्रभर डीगॅस केली. आमच्या डीगॅस स्टेशनला हेलियमचा सिलिंडर जोडलेला आहे, त्यामुळे नळी हेलियमने भरून बूच लावलं, पुन्हा तोललं, आणि वजाबाकी करून पुडीचं वजन ६३ मिलिग्रॅम लिहिलं. मोजणी नीट झाली. पृष्ठफळ आलं १२३ चौरस मीटर प्रति ग्रॅम. सव्वा गुंठा. रात्री दादांना फोन करून सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी नळी यंत्रावरून काढली. चांगली सवय म्हणून मोजणीनंतरही वजन करावं असं एका सीनियर ताईने सांगितलं होतं. बूच काढून थोडा वेळ ठेवली, बूच लावून तोलली. पूड ८० मिलिग्रॅम भरली.

मी तीनदा तोलली. तिन्ही वेळा ८०. रात्रीत १७ मिलिग्रॅम वाढले होते, म्हणजे २७ टक्के. नळी उघडल्यावर आत फक्त हवा गेली होती. माझ्या कापराच्या नॅनोट्यूबने खोलीच्या तापमानाला आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त हवा ओढून घेतली होती! हात खरोखर थरथरत होते. मी वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, सगळं लिहिलं. साडेसात वाजले होते, सर घरी गेले होते. मी रात्रभर झोपले नाही. एवढी हवा धरणारी पूड असेल तर पुढे काय काय करता येईल याचे मनोरे सकाळपर्यंत बांधत राहिले.

सरांनी वही वाचली. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बस. तुला एक जुनी हकीकत सांगतो."

हकीकत हायड्रोजनची होती. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमांनी बहुपदरी नॅनोट्यूबचं वर्णन छापलं, १९९३ साली एकपदरी सापडल्या, आणि जगभर या नळ्यांचं वेड लागलं. १९९७ साली अमेरिकेतल्या एका गटाने नेचर या नियतकालिकात लिहिलं की एकपदरी नळ्या वजनाच्या ५ ते १० टक्के हायड्रोजन साठवू शकतील. गाड्या हायड्रोजनवर चालवायच्या तर टाकी कसली करायची हा प्रश्न सगळ्यांना छळत होता, त्यामुळे या आकड्याने धमाल उडाली. १९९८ साली कार्बनच्या नॅनोतंतूंसाठी ६७ टक्क्यांचा दावा आला. १९९९ साली लिथियम मिसळलेल्या नळ्यांसाठी २० टक्क्यांचा. मग हळूहळू कोणी तेच प्रयोग पुन्हा करायला बसलं. ६७ टक्के दुसऱ्या कोणाला मिळालेच नाहीत. लिथियमच्या नमुन्यात वाढलेलं वजन बरंचसं हायड्रोजनसोबत आलेल्या ओलाव्याचं निघालं. २००१ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टमधल्या गटाने दाखवलं की आपल्या नमुन्यातला हायड्रोजन नळ्यांनी धरलेलाच नव्हता. नळ्या सुट्या करायला जी अल्ट्रासाउंडची दांडी वापरली तिच्या टोकाची टायटॅनियमची मिश्रधातू झिजून नमुन्यात मिसळली होती, हायड्रोजन तिच्यात होता. आज खोलीच्या तापमानाला हा आकडा एक टक्क्याच्याही खाली धरतात.

"त्या सगळ्यांनी वजनकाटा खोटा वाचला नव्हता," सर म्हणाले. "वजन वाढलंच होतं. प्रश्न एवढाच की कशाचं. आता तू एक काम कर. रिकामी नळी घे. पूड नको. हवेत तोल, मग डीगॅस स्टेशनवर हेलियम भरून तोल."

मी उठले, नळी घेतली, तोलली. हेलियम भरून तोलली. १७ मिलिग्रॅम कमी.

नळीच्या आत साधारण १८ मिलिलिटर पोकळी आहे. पुण्याच्या दाबाला एक मिलिलिटर हवेचं वजन १.१ मिलिग्रॅम भरतं, हेलियमचं जेमतेम ०.१५. रिकामी नळी मी हवेसकट तोलली होती आणि भरलेली नळी हेलियमसकट. म्हणजे भरलेल्या नळीतून १७ मिलिग्रॅम हवा मी नकळत काढून घेतली होती आणि ती तूट पुडीच्या नावावर टाकली होती. फुगा वर जातो तोच प्रकार. पुडीने काहीही ओढून घेतलं नव्हतं. ती पहिल्यापासून ८० मिलिग्रॅमच होती.

काट्यापुढे उभी राहून मी बराच वेळ त्या रिकाम्या नळीकडे पाहत होते. मला वाईट वाटत होतं ते शोध हातचा गेला म्हणून नव्हे. वायू आणि पृष्ठभाग यांचा अभ्यास करायला मी आले होते, आणि हवेला वजन असतं हेच हिशोबात धरलं नव्हतं. सातवीच्या पुस्तकातली गोष्ट.

हिशोब सुधारला. १२३ चे झाले ९७. आता आम्ही नळी नायट्रोजनने भरून तोलतो. नायट्रोजन हवेहून किंचितच हलका, फरक एक मिलिग्रॅमच्याही आत राहतो.

दादांना फोन करून सांगितलं की सव्वा गुंठा नव्हे, गुंठ्याला थोडा कमी. ते म्हणाले, "सरकारी मोजणीतही बांध असाच सरकतो."

हे ९७ बरोबर की चूक हे ताडायला आणखी एक वाट होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या नळ्यांचा बाहेरचा व्यास सरासरी २० नॅनोमीटर दिसत होता, आतली पोकळी सुमारे ८. दोन पदरांतलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे साधारण १८ पदर. कांद्यासारखे एकात एक. नायट्रोजनचा रेणू ०.३६ नॅनोमीटरचा, तो या फटीत शिरूच शकत नाही. तोंडं बंद असतील तर पोकळीतही जाऊ शकत नाही. त्याला फक्त सर्वांत बाहेरचा पदर दिसतो, आणि आतले सतरा पदर नुसतं वजन वाढवतात. कागदावर गणित केलं तर अशा नळीचं पृष्ठफळ १०३ येतं. पूड हवेत ८०० अंशांपर्यंत जाळली तर तळाशी ९ टक्के तांबूस राख उरते, ती लोहाच्या ऑक्साइडची. त्यातलं लोखंड सहा टक्क्यांच्या थोडं वर, जवळजवळ काहीच पृष्ठफळ नसलेलं. १०३ मधून तेवढा वाटा वजा केला की ९७ च्या अगदी जवळ येतो. त्या रात्री मी शांत झोपले.

एकपदरी नळ्यांचं वागणं याहून गुंतागुंतीचं असतं. त्या सुट्या राहतच नाहीत, कडब्याच्या पेंढीसारख्या जुड्या करतात. पेंढीच्या बाहेरच्या अंगाला दोन ताटांमध्ये जी चर पडते, तिथे बसलेल्या रेणूला दोन्ही ताटांचा आधार मिळतो, म्हणून वायू आधी तिथे बसतो. मग बाहेरच्या गोलाईवर. पेंढीच्या पोटातल्या तीन ताटांमधल्या फटी इतक्या चिंचोळ्या की नायट्रोजन सहसा शिरत नाही. मधल्या नळ्यांचं बाहेरचं अंग असं झाकून जातं, त्यामुळे १३१५ हा आकडा कागदावरच राहतो. विकत घेतलेला एक एकपदरी नमुना मी मोजला, तो त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. पुडीत किती पृष्ठभाग आहे ही एक गोष्ट, वायूला त्यातला किती गाठता येतो ही दुसरी. बीईटी दुसरी गोष्ट मोजते.

आणखी एका ठिकाणी मी फसता फसता वाचले, ते सांगितलं पाहिजे, कारण नवीन मुलं इथे हमखास अडकतात. वायू भरताना आणि काढून घेताना आलेख एकाच वाटेने जात नाही, मध्ये फट पडते. उतरत्या वाटेवरून भोकांचे आकार काढायची एक रीत आहे, १९५१ सालची, बीजेएच नावाची. तिने मला ३.८ नॅनोमीटरला एक टोकदार सुळका दाखवला. मी म्हटलं, हीच माझ्या नळ्यांची पोकळी! पण सूक्ष्मदर्शक तर ८ म्हणत होता. दोन दिवस शोधाशोध केल्यावर कळलं की सापेक्ष दाब ०.४२ च्या आसपास आला की फटींमध्ये अडकलेला द्रव नायट्रोजन ताण सहन न होऊन एकदम फुटून बाहेर पडतो. भोक कुठल्याही आकाराचं असो, तो तिथेच फुटतो. तो झटका गणितात घातला की ३.८ चा सुळका उगवतो. तो नायट्रोजनच्या स्वभावाचा सुळका आहे, पुडीचा नव्हे. चढत्या वाटेवरून काढल्यावर तो नाहीसा झाला.

यानंतर नळ्यांची तोंडं उघडायचं ठरलं.

पूड नायट्रिक आम्लात घालून उकळत ठेवली. धुराड्याखाली तांबूस वाफा उठत होत्या. आम्ल नळ्यांची टोकं खातं, कारण टोकाची गोलाई ताणलेली असते, तिथे कार्बन लवकर हार खातो. सोबत आतलं लोखंडही विरघळतं. मग धुणं. गाळणीवर पाणी घालायचं, आम्लता तपासायची, पुन्हा पाणी. तीन दिवस धुतलं तेव्हा खालचं पाणी निवळ आलं. ताईने एका दुपारी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि जेवायला पाठवलं.

आम्लाआधीची पूड पाण्यावर टाकली तर नुसती तरंगायची, आणि पुडीवर थेंब ठेवला तर अळवाच्या पानावर ठेवल्यासारखा गोल राहायचा. आम्लानंतर तीच पूड पाण्यात शाईसारखी विरघळल्यागत पसरली. तोंडं उघडली त्याबरोबर नळ्यांच्या अंगावर ठिकठिकाणी कार्बॉक्सिलचे, म्हणजे कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या अणूंचे, गट बसले होते आणि पाण्याला धरायला जागा मिळाली होती. बेकिंग सोड्याच्या, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या, द्रावणाशी टायट्रेशन करून हे गट मोजता येतात. मला हे टायट्रेशन फार आवडलं. एवढ्या महागड्या यंत्रांच्या गर्दीत एक ब्युरेट आणि एक साधं क्षार, आणि त्यातून पृष्ठभागाचा स्वभाव कळतो.

पण या गटांनी मला पुन्हा एकदा गाठलं. जुलै महिना, बाहेर संततधार. सवयीप्रमाणे ३०० अंशांवर डीगॅस लावलं, तर दाब उतरेचना. पंप चार तास चालला, व्हॉल्व्ह बंद केला की दाब पुन्हा चढायचा. मला वाटलं कुठून तरी हवा आत येतेय. सगळ्या रबरी रिंगा तपासल्या, दोन बदलल्या. नंतर लक्षात आलं की गळती नाहीच. एवढ्या तापमानाला कार्बॉक्सिलचे गट तुटून कार्बन डायऑक्साइड सुटत होता. जो पृष्ठभाग मोजायचा तोच मी जाळून काढत होते. तो नमुना गेला. पुढचा १२० अंशांवर लावला, दोन रात्री. पावसाळ्यात ही पूड काट्यावर उघडी ठेवली की बघता बघता वजन वाढतं, ओलावा पिते. ते मात्र खरंच अधिशोषण. पण आता वजन वाढलं की माझी छाती धडधडत नाही. आधी मी विचारते, कशाचं.

उघड्या नळ्यांचं पृष्ठफळ आलं १४९. आतल्या ८ नॅनोमीटरच्या पोकळीची भिंत धरली तर कागदावर १४४ येत होतं, राहिलेलं थोडं लोखंड वजा करून १४१. आठचा फरक. आम्लाने भिंती खरखरीत केल्या असतील असं मी लिहिलं आणि सरांकडे नेलं.

सर म्हणाले, "असेल. पण साखळी तपासलीस?"

नायट्रोजनचा रेणू लांबट असतो आणि त्याच्यावर विद्युतभार सारखा पसरलेला नसतो. साध्या कार्बनवर तो आडवा पडतो, कार्बॉक्सिलसारखा गट दिसला की त्याच्याकडे तोंड करून उभा राहू शकतो. उभा राहिला की कमी जागा व्यापतो, मग तेवढ्याच जागेत जास्त रेणू मावतात, आणि ०.१६२ ने गुणलं की पृष्ठफळ फुगतं. आम्लाआधीच्या आणि नंतरच्या पुडीवर मी एकच साखळी वापरत होते आणि मधल्या मध्ये ती आखडली असेल अशी शंका मला आली नव्हती. आर्गॉनचा अणू गोल, त्याला असलं तोंडच नाही. म्हणूनच आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली अशा पृष्ठभागांसाठी ८७ केल्विनला, म्हणजे द्रव आर्गॉनच्या तापमानाला, आर्गॉनने मोजावं असं सुचवलं.

द्रव आर्गॉन मिळवायला पाच आठवडे लागले. आमचा पुरवठादार एवढ्या थोड्या प्रमाणात द्यायला तयार नव्हता, शेवटी दुसऱ्या एका विभागाबरोबर मिळून मागवला. गेल्या मंगळवारी मामांनी ड्युअर ढकलत आणला आणि म्हणाले, "ताई, हा नायट्रोजनपेक्षा जड आहे हां, जपून." खरंच जड आहे, हाताला कळतं.

एकाच नळीत, दोन्ही वेळा सारखंच डीगॅस करून, आधी आम्ल न लावलेली पूड मोजली, मग दुसऱ्या दिवशी आम्ल लावलेली. नळीत नायट्रोजन भरून तोलली. संपृक्त दाब शेजारच्या नळीत मोजला. आर्गॉनच्या अणूला ०.१४२ चौरस नॅनोमीटर. पहिल्या पुडीला ९५ आले. नायट्रोजनच्या ९७ शी दोनाचा फरक, तेवढा मोजणीतच पडतो. दुसरीला १३६.

नायट्रोजनच्या मोजणीतले तेरा चौरस मीटर पुडीत नव्हतेच. आता कागदावरच्या १४१ पेक्षा पाच कमी आहेत. काही नळ्यांची तोंडं अजून बंद असतील, किंवा माझा सरासरी व्यास चुकला असेल. उद्यापासून सूक्ष्मदर्शकावर बसून आणखी दोनशे नळ्या मोजायच्या आहेत. सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे.